मदत हवी आहे: गाडीने जाऊन-येऊन करण्याच्या कौटुंबिक सहलींचे गणित कसे मांडावे?

नमस्कार. गेल्या वर्षभरात आम्ही घरातले सगळे मिळून चार वेळा एका दिवसाच्या सहलीला गेलो आणि चारही वेळा दुसरा दिवस झोपून काढला. ठिकाणे चांगली होती, हवामानानेही बहुतेक वेळा साथ दिली. चूक आमच्या आखणीतच होत असावी अशी माझी आता जवळजवळ खात्री झाली आहे. त्यामुळे कोठे जावे हे मी विचारत नाही, ते आम्ही आमच्या परिसरात शोधू. ठिकाण ठरवण्याच्या आधी कोणता विचार करावा, याविषयी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

आम्ही पाच जण आहोत. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि सकाळची रक्तदाबाची गोळी घेतल्यावर पुढचे दोन-तीन तास त्यांना वारंवार स्वच्छतागृहात जावे लागते. या संकोचापायी त्या प्रवासात पाणीच पीत नाहीत, हे मला फार उशिरा कळले. मुलगा १३ वर्षांचा असून त्याला कोठेच यायचे नसते. धाकटी ६ वर्षांची, तिला वळणांचा रस्ता लागला की हमखास उलटी होते. गाडी माझे पती एकटेच चालवतात. माझ्याकडे परवाना आहे, परंतु गावाबाहेरच्या रस्त्यांची सवय नाही.

मागच्या सहलीचे ठिकाण १४० किलोमीटरवर होते आणि नकाशा पावणेतीन तास दाखवत होता. प्रत्यक्षात साडेचार तास लागले. तीन ठिकाणे पाहायची होती, त्यांपैकी दीडच पाहून झाले. परतताना अंधार पडला आणि पाऊस सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पतींनी सहज बोलावे तसे सांगितले की, एका वळणापाशी त्यांचा क्षणभर डोळा लागला होता. त्या वाक्यानंतर आम्ही कोठेही गेलेलो नाही.

एका दिवसासाठी जास्तीत जास्त किती दूर जावे, मुलीचा त्रास कमी कसा करावा, आणि सासूबाईंना घरी ठेवून न जाता त्यांना झेपेल असा दिवस कसा आखावा, हे कृपया सांगावे. त्यांना सोबत न्यायचे नाही, हा पर्याय मला मान्य नाही.

प्रतिसाद १

आपण अंतर किलोमीटरमध्ये मोजत आहात, तेथेच गणित चुकते. नकाशातला वेळ न थांबणाऱ्या गाडीचा असतो. सहा वर्षांचे मूल आणि वयस्क व्यक्ती बरोबर असताना मी त्या वेळेत सरळ एकतृतीयांश वेळ मिळवतो आणि त्यानंतरही एका बाजूचा प्रवास दोन तासांच्या वर जात असेल, तर ते ठिकाण एका दिवसासाठी बाद समजतो. काही ठिकाणी १२० किलोमीटर दोन तासांत होतात, तर घाटरस्त्याने ६० किलोमीटरलाही तेवढेच लागतात.

दिवसाची आखणी मी उलटीकडून करतो. त्या दिवशीचा सूर्यास्त पाहावा, त्याच्या अर्धा तास आधी घरी पोहोचायचे असे ठरवावे आणि तेथून एकेक तास मागे मोजत यावे. असे मोजले की दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणाला दिवसात जागाच नाही, हे कागदावरच दिसते. एक ठिकाण पुरेसे असते. आमच्या घरात हे पटायला मात्र बरीच वर्षे लागली.

पतींना डोळा लागला, ही गोष्ट कृपया बाकी सगळ्याच्या आधी घ्या. पहाटे आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास शरीराला स्वाभाविकच सुस्ती येते. पोटभर जेवून त्याच वेळेत परतीला निघणे टाळावे. काचा उघडणे, गाणी मोठ्याने लावणे यांनी झोप जात नाही, फक्त जाईल असे वाटते. गाडी सुरक्षित जागी उभी करून पंधरा-वीस मिनिटे झोपणे हाच उपाय. कॉफी घ्यायची असल्यास झोपण्याच्या आधी घ्यावी, कारण तिचा परिणाम जाणवायला सुमारे अर्धा तास लागतो. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: वातानुकूलन आतलीच हवा फिरवण्यावर ठेवले आणि आत पाच माणसे असली, तर बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि जडपणा येतो. मधूनमधून बाहेरची हवा आत येऊ द्यावी.

आपण स्वतः रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर सराव सुरू करा, असे आग्रहाने सुचवतो. पाच जणांच्या गाडीत एकच चालक असणे हा आपल्या सहलींतला सर्वांत कच्चा दुवा आहे.

प्रतिसाद २

मुलीविषयी लिहिते. माझ्या दोन्ही मुलांना हा त्रास होता, त्यामुळे यात माझी बरीच उमेदवारी झाली आहे.

गाडी लागते ती कान आणि डोळे यांचे एकमत न झाल्यामुळे. आतल्या कानाला हालचाल जाणवते, पण डोळ्यांसमोर पुढच्या आसनाची स्थिर पाठ असते. साधारण २ ते १२ या वयात हा त्रास सर्वाधिक आढळतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होतो. चालवणाऱ्याला सहसा काही होत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते. म्हणून मुलीला समोरचा रस्ता दिसायला हवा. पुढच्या आसनावर मात्र बसवू नका, लहान मुलांची जागा मागेच असते. आपली मुलगी उंची वाढवणाऱ्या बालआसनावर बसत नसेल, तर ते आजच घ्या. सुमारे १४५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत गाडीचा पट्टा मुलांच्या मानेवर आणि पोटावर येतो, त्यामुळे ते आसन सुरक्षिततेसाठी लागतेच. शिवाय मूल उंच बसल्यामुळे बाहेरचे दिसू लागते. मागच्या मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा असेल आणि ते आसन तेथे नीट बसत असेल, तर तीच जागा उत्तम.

पुस्तक आणि मोबाइल पूर्ण बंद. तिने डोळे मिटून पडून राहिले तरी चालते. रिकाम्या पोटी नेऊ नये आणि भरल्या पोटीही नेऊ नये. ती जांभया देऊ लागली, गप्प झाली, चेहरा पांढरा पडला की लगेच थांबा. "आता आलेच" असे म्हणून पुढे रेटलेली दहा मिनिटे नेहमी महागात पडतात. औषधे मिळतात, परंतु ती निघण्यापूर्वी अर्धा-एक तास द्यावी लागतात आणि मात्रा वय-वजनानुसार ठरते, म्हणून मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच द्यावीत. पतींनाही सांगा: वळणाच्या आधी वेग कमी करून वळण एकसारख्या गतीने घ्यावे. माझ्या मुलांच्या निम्म्या उलट्या माझ्या भावाच्या ब्रेक मारण्याच्या सवयीने झाल्या होत्या.

प्रतिसाद ३

मुलाला "चल" म्हणण्याऐवजी तीन ठिकाणे समोर ठेवून त्यालाच एक निवडायला सांगा आणि रस्ता दाखवण्याचे काम त्याच्याकडे द्या. नकाशा घरूनच उतरवून घ्यायला लावा, कारण नेमकी जेथे गरज पडते तेथे मोबाइलचे जाळे नसते. त्याने निवडलेले ठिकाण कंटाळवाणे निघाले तरी त्याला टोमणा मारू नका.

प्रतिसाद ४

सासूबाईंसंबंधी. त्यांची गोळी लघवीचे प्रमाण वाढवणारी असावी. सहलीच्या दिवशी ती वेगळ्या वेळी घेतली तर चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने ती बंद करू नका किंवा पुढे ढकलू नका. बऱ्याचदा वेळ बदलता येते, आणि तेवढ्याने सकाळच्या प्रवासाचा प्रश्न सुटतो. पाणी न पिण्याचा हट्ट मात्र घातक आहे, विशेषतः उन्हाळ्यात. त्यावर समजावण्यापेक्षा स्वच्छतागृहाच्या जागा आधी ठरवून त्यांना सांगणे उपयोगी पडते: "पाऊण तासाने थांबणार आहोत" हे कळले की माणूस पाणी पितो.

गुडघ्यांसाठी प्रत्येक थांब्यावर त्यांना खाली उतरवून चार पावले चालवा आणि बसल्या जागी घोटे फिरवायला सांगा. गाडीत चढताना आधी आसनावर पाठमोरे बसून मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. ठिकाण निवडताना ते ठिकाण सुंदर आहे का, यापेक्षा वाहनतळापासून बसायच्या जागेपर्यंत किती पायऱ्या आहेत, हे आधी फोन करून विचारा. "फार नाहीत" या उत्तरावर विश्वास ठेवू नका, आकडा विचारा.

"तुम्ही पाहून या, मी गाडीतच बसते" असे त्या म्हणतील. तसे करू देऊ नका. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील तापमानवाढ बहुतांशी पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि काचा थोड्या खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

धागालेखिका

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली. मागच्या रविवारी आम्ही सव्वा तासावरच्या एका तलावाकाठी गेलो, तीन वाजण्याच्या आधी घरी परतलो आणि संध्याकाळी पती चक्क बाजारात जाऊन आले. मुलीला जाताना मळमळ झाली, पण आम्ही लगेच थांबल्यामुळे तेवढ्यावरच निभावले. आता एक रात्र मुक्काम करायचे मनात आहे. दोन दिवस मिळत असल्याने अंतर दुप्पट धरले तर चालेल का?

प्रतिसाद १

नाही. एक रात्र म्हणजे दोन दिवस नव्हेत. मुक्कामाची खोली साधारण दुपारी बारा ते दोननंतर मिळते आणि दुसऱ्या दिवशी दहा-अकराला सोडावी लागते. हाती वीस-बावीस तास येतात आणि त्यांतले आठ झोपेचे असतात. एका बाजूने थांब्यांसह तीन तासांपलीकडे जाऊ नका. पहिल्या दिवशी खोली मिळेपर्यंत सासूबाईंना आडवे कोठे होता येईल, हे आरक्षण करतानाच विचारून घ्या आणि खोली तळमजल्यावरचीच मागा.