अनुभव धागा: ऑनलाइन मार्केटिंग करताना उशिरा उमगलेल्या तांत्रिक गोष्टी

ऑनलाइन मार्केटिंगच्या कामात जाहिरातीचा मजकूर, चित्र आणि खर्च यांवर आपण तासन्‌तास चर्चा करतो. मात्र ज्या आकड्यांवरून पुढचे निर्णय घेतो ते आकडे तयार कसे होतात, हे बहुतेकांना एखादी चूक अंगाशी आल्यावरच कळते. अशा चुका आणि त्या कशा सापडल्या, हे इथे सविस्तर लिहावे अशी सर्वांना विनंती आहे. कोणते साधन चांगले, यापेक्षा नेमके काय बिघडले होते आणि ते कशावरून लक्षात आले, हे वाचायला मिळाले तर या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग होईल. सुरुवात मीच करतो.

एका मोहिमेचा अहवाल तयार करताना ईमेलमधून आलेले वाचक फारच कमी दिसत होते, म्हणून पुढच्या वेळी ईमेल वगळावा असे आमचे जवळजवळ ठरले होते. अखेरचे म्हणून मी स्रोतांची पूर्ण यादी उघडली, तेव्हा ईमेल हा एकच शब्द चार वेगवेगळ्या ओळींत आढळला: एकीत सगळी अक्षरे स्मॉल, दुसरीत पहिले अक्षर कॅपिटल, तिसरीत मध्ये आडवी रेघ आणि चौथीत अनेकवचन. चारही ओळींची बेरीज केल्यावर ईमेल दुसऱ्या क्रमांकावर आला. हे स्रोत लिंकच्या शेवटी जोडलेल्या यूटीएम या खुणांवरून नोंदले जातात. यूटीएम म्हणजे अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल. 2005 मध्ये गूगलने अर्चिन ही कंपनी विकत घेतली, त्याच वर्षी गूगल अ‍ॅनालिटिक्स हे संकेतस्थळावरच्या वाचकांची मोजणी करणारे साधन सुरू झाले आणि लिंकच्या शेवटी मोहिमेची माहिती जोडण्याची ही पद्धत सर्वत्र रुळली. तिच्यात जे टंकले जाते तेच नोंदले जाते, त्यामुळे शब्द एकसारखे ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे आपलीच असते. आता आमच्याकडे एक सामायिक शीट आहे. सोर्स (वाचक कुठून आला), मीडियम (कोणत्या माध्यमातून) आणि कॅम्पेन (कोणती मोहीम) यांची मान्य नावे त्यातूनच निवडायची आणि लिंकही त्या शीटमध्येच तयार करायची, असा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो.

*

आपण ईमेलचा विषय काढला म्हणून माझा अनुभव लिहिते. मी एका संस्थेचे साप्ताहिक बातमीपत्र पाठवण्याचे काम पाहते. मजकूर तोच, यादी तीच, तरीही काही आठवड्यांत वाचकांची उत्तरे येणे जवळजवळ थांबले. मी विषयाच्या ओळी बदलल्या, पाठवण्याची वेळ बदलली, आणि खरे कारण मजकुरात नसावे ही शंका मला फार उशिरा आली. शेवटी माझ्याच जीमेल खात्यात आलेले बातमीपत्र, तेही स्पॅममध्ये पडलेले, उघडून मी त्यातला ‘मूळ संदेश’ पाहिला. तिथे वरच्या बाजूला एसपीएफ (आपल्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाने ईमेल कोण पाठवू शकतो याची यादी), डीकेआयएम (संदेशावरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या संदेशाचे काय करायचे याची सूचना) यांचे निकाल स्पष्ट लिहिलेले असतात. आमच्या एसपीएफपुढे त्रुटी दाखवली होती. नवी ईमेल सेवा जोडताना कुणीतरी जुनी एसपीएफ नोंद तशीच ठेवून शेजारी दुसरी घातली होती. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या तर तपासणीच बाद ठरते. दोन्ही सेवा एकाच नोंदीत एकत्र लिहिल्यावर ती त्रुटी गेली. या नोंदीतून डीएनएसकडे (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेकडे) होणाऱ्या विचारणांची मर्यादा 10 आहे, हेही त्याच निमित्ताने कळले, आणि वापरात नसलेल्या तीन सेवा आम्ही काढून टाकल्या.

फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी हे तिन्ही पुरावे आवश्यक केले आहेत. जीमेलच्या बाबतीत ही रेषा दिवसाला 5000 संदेशांची आहे. प्रचाराच्या ईमेलला एका क्लिकमध्ये सदस्यत्व रद्द करण्याची सोयही द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. पूर्वी मी सदस्यत्व रद्द करण्याची लिंक तळाशी, फिकट रंगात ठेवत असे. ते चूक होते. ज्याला ती लिंक सापडत नाही तो सरळ स्पॅमचे बटण दाबतो, आणि त्याचा फटका ज्यांना बातमीपत्र मनापासून हवे आहे त्यांनाही बसतो.

*

वरच्या अनुभवाला एक छोटी पुरवणी. ईमेल किती जणांनी उघडला, या आकड्यावर मी आता निर्णय घेत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये आयओएस 15 सोबत अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये अशी सोय आली की संदेशातली चित्रे, आणि त्यांबरोबर मोजणीचे अदृश्य चित्रही (ते उतरले की ईमेल उघडला असे धरले जाते), वाचकाने संदेश उघडण्याआधीच उतरवून घेतली जातात. परिणामी न वाचलेला ईमेलही उघडला असे नोंदले जाते. क्लिक आणि थेट आलेली उत्तरे हीच माझी मोजपट्टी आहे.

*

मी प्रामुख्याने मराठी मजकुराचे काम करतो आणि माझा अनुभव एसएमएसचा आहे. इंग्रजी संदेश 160 अक्षरांत बसतो, म्हणून मराठी मसुदाही मी त्याच हिशोबाने 150 अक्षरांपर्यंत लिहिला आणि अंदाजापेक्षा कितीतरी अधिक एसएमएस वापरले गेले. देवनागरी संदेश युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीत जातो आणि तिथे एका एसएमएसची मर्यादा 70 आहे. संदेश लांबला की प्रत्येक तुकड्यात 67 च चिन्हे मावतात, कारण उरलेली जागा तुकडे जोडण्याच्या माहितीला लागते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही प्रत्येकी स्वतंत्र मोजली जातात. ‘नमस्कार’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण न, म, स, हलन्त, क, काना आणि र अशी त्याची सात चिन्हे होतात. इंग्रजी संदेशात एखादा इमोजी किंवा वर्ड फाइलमधून आलेले वळणदार अवतरणचिन्ह शिरले, तरी तो संपूर्ण संदेश 70 च्या हिशोबात जातो. तेव्हापासून मी मसुदा आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उतरवतो, चिन्हे मोजतो आणि मगच मंजुरीसाठी पाठवतो. मराठी वाचकाला मराठीतच संदेश मिळावा असा माझा आग्रह आहे, म्हणून भाषा न बदलता वाक्य आटोपशीर करण्यावर मी वेळ घालवतो.

सीएसव्ही फाइलबद्दलही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) सांगतो. ग्राहकांची मराठी नावे एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर अगम्य चिन्हे दिसतात, तेव्हा फाइल बिघडलेली नसते. ती डेटा टॅबमधून आयात करून यूटीएफ-8 ही युनिकोडची संकेतपद्धत निवडावी आणि फोन क्रमांकाच्या रकान्याला ‘टेक्स्ट’ हा प्रकार द्यावा, अन्यथा सुरुवातीची शून्ये नाहीशी होतात. अशी फाइल नकळत सेव्ह झाली तर ती शून्ये परत मिळत नाहीत, म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवावी.

*

आमच्या जाहिरातींतून होणारी विक्री एका महिन्यात अचानक दुप्पट झाली आणि आम्ही खर्च वाढवला. हिशेब सांभाळणाऱ्या ताईंनी ऑर्डर क्रमांकांची यादी समोर ठेवली, तेव्हा प्रत्येक ऑर्डर अहवालात दोनदा मोजली गेल्याचे दिसले. मोजणीचा कोड संकेतस्थळाच्या थीममध्ये होता आणि टॅग मॅनेजर (असे कोड एकाच जागी सांभाळणारे साधन) बसवताना मी तोच पुन्हा तिथेही घातला होता. खरेदीनंतर दिसणारे धन्यवादाचे पान एकदा उघडले की दोन्ही कोड चालत. मी थीममधला कोड काढला आणि प्रत्येक नोंदीसोबत ऑर्डर क्रमांक पाठवायला सुरुवात केली, त्यामुळे ग्राहकाने तेच पान पुन्हा उघडले तरी ती खरेदी नव्याने मोजली जात नाही. आता दर सोमवारी अहवालातल्या पाच ऑर्डर निवडून मी त्या ताईंच्या यादीशी एकेक करून ताडून पाहते.