दुसऱ्याच दिवशी फॉर्म्युला?

पेठेतली_माहेरवाशीण:
परवा मैत्रिणीकडे बारशाला गेले होते. बाळ बारा दिवसांचं आणि ओट्यावर फॉर्म्युलाचा, म्हणजे बाळाच्या पावडरच्या दुधाचा, डबा अर्धा संपलेला. माझी नजर गेली तशी तिच्या सासूबाई म्हणाल्या, "दूधच नाही हो हिला, दुसऱ्या दिवसापासून वरचं सुरू केलं." अहो, दुसऱ्या दिवशी कुणाला दूध भरतं? तेव्हा असतो चीक. चमचाभर, दाट, पिवळा. बाळाला तेवढाच पुरतो. गाईच्या चिकाचा खरवस आपण वाटी पुसून खातो, बाईचा चीक मात्र हिशेबातच नाही! बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. मध्ये बाटली आली की ओढणं कमी, मग दूध कमी, आणि सासूबाई खऱ्या ठरतात.

जागतिक आरोग्य संघटना पहिले 6 महिने पाणीसुद्धा नको म्हणते. अंगावर पिणाऱ्या बाळांना जुलाब, न्यूमोनिया कमी होतात. पाजताना ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं, आईचं गर्भाशय आकसतं. 2002 साली 30 देशांतले 47 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पाजण्याच्या दर 12 महिन्यांमागे स्तनांच्या कर्करोगाचा धोका 4.3 टक्क्यांनी कमी दिसला. डब्यात हे कुठून येणार?

रात्रपाळी:
वाचून पोटात गोळा आला. मीही अशीच हट्टाने "फक्त अंगावरचं" म्हणून बसले होते. लेक रडायची नाही, सगळे म्हणायचे किती शहाणी! पाचव्या दिवशी लंगोटावर विटकरी डाग दिसला आणि वजन जन्माच्या वजनापेक्षा 12 टक्के खाली. शहाणी नव्हती हो ती, मलूल झाली होती. डॉक्टरांनी वाटी-चमच्याने फॉर्म्युला द्यायला लावला. पुढे 14 महिने अंगावर प्यायली. तो डबा नसता तर?

पेठेतली_माहेरवाशीण:
वैद्यकीय गरज असेल तर कोण नाही म्हणतंय? माझा राग गरज नसताना फोडलेल्या डब्यावर आहे. शिवाय पुण्यात ससून रुग्णालयात मिल्क बँक आहे की, दुसऱ्या आयांनी दिलेल्या दुधाची.

रात्रपाळी:
तिथलं दूध अपुऱ्या दिवसांच्या, काचेच्या पेटीतल्या बाळांसाठी असतं. सिंहगड रोडवर रात्री दोनला मला कोण आणून देणार होतं?

फेज३ची_बस:
दोघींचंही पटलं, पण माझी गोष्ट वेगळीच. 2017 पासून 26 आठवड्यांची रजा आहे, 50 किंवा जास्त माणसांची आस्थापना असेल तर पाळणाघर हवं, दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा हवी. आमच्या ऑफिसचं पाळणाघर कागदावर. मी पंप करायचे स्टेशनरीच्या खोलीत. कडी नव्हती, म्हणून दाराला कागदांची खोकी लावायची. फ्रिजमधल्या बाटलीवर चिठ्ठी: "आईचं दूध आहे, चहात घालू नये." तरी एक दिवस बाटली अर्धी सापडली. कुणाच्या चहात गेली, देव जाणे. घरी येताना वाकडच्या चौकात बस अडकायची आणि कुर्ता भिजायचा. आठव्या महिन्यात सोडलं सगळं. फायदे मला पाठ आहेत, कृपा करून पुन्हा सांगू नका.

मुळशीकर:
आमची आई शेतात काम करून पाच जणांना पाजायची. पंप कसला नि काय कसलं.

फेज३ची_बस:
भाऊ, तुमच्या आईची झोळी बांधावरच्या आंब्याला होती. मी हिंजवडीत कशाला बांधू, लिफ्टला?

नातवंडांची_आजी:
दूध यावं म्हणून अळिवाचे लाडू जरूर करा, बाळंतिणीला भूक असतेच. पण लाडवाने दूध येत नाही, बाळ ओढतं म्हणून येतं. रात्री "आईला झोपू दे" म्हणून बाळ लांब नेऊ नका, रात्रीच्या ओढण्यानेच जास्त बनतं. आणि पहिलं वर्ष मधाचं बोट चाटवायचं नाही. आम्ही चाटवलं होतं, पण तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

रात्रपाळी:
माहेरवाशीणबाई, एक विचारू? त्या मैत्रिणीला बाळ नीट कसं धरायचं हे कुणी बसून दाखवलं का? मला दाखवलं ते सहाव्या दिवशी, एका नर्सबाईंनी. नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा, हनुवटी टेकायला हवी. दहा मिनिटांचं काम.

पेठेतली_माहेरवाशीण:
नाही विचारलं. मी तिथे व्याख्यान देऊन आले. उद्या चारला जाते, तेव्हा सासूबाई भजनाला गेलेल्या असतात.