शब्दचर्चा : ‘रिमेक’साठी पुनर्निर्मिती, रूपांतर की उजळणी?

विचारणा (परभणी)

‘रिमेक’ या शब्दासाठी वृत्तपत्रांत ‘पुनर्निर्मिती’, ‘रूपांतर’ आणि ‘नवा अवतार’ हे तिन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. परवा भाच्यासोबत २०१६ सालचा ‘द जंगल बुक’ हिंदीतून पाहिला, आणि या तिन्हींपैकी एकही शब्द मला पुरेसा वाटेनासा झाला. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारी मोगलीची मालिका आम्ही गल्लीतली दहा-बारा लेकरे एकाच घरी बसून पाहत असू. पडद्यावर मुंग्या आल्या की थोरला भाऊ माळवदावर चढून अँटेना फिरवायचा, त्याच्या पावलागणिक आमच्या डोक्यावर माती झडायची आणि आम्ही खालून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचो. चित्रपटात शेरखान बोलू लागला, नाना पाटेकरांचा तोच आवाज इतक्या वर्षांनी कानी पडला आणि माझा हात नकळत केसांतली माती झटकायला वर गेला. या अनुभवाला मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रतिसाद (अंबाजोगाई)

ताई, आधी नाते तपासून घेऊ. रुडयार्ड किपलिंग यांचे पुस्तक १८९४ सालचे. त्यावर डिस्नेने १९६७ साली काढलेल्या चित्रपटाची २०१६चा चित्रपट ही पुनर्निर्मिती होय. आपली मालिका मात्र जपानमध्ये १९८९ साली सुरू झाली आणि तिचे ५२ भाग झाले. तीही थेट पुस्तकावरच बेतलेली. म्हणजे मालिका आणि हा चित्रपट चुलत भावंडे ठरतात, एक दुसऱ्याचा रिमेक नव्हे. पुस्तकाची मालिका होते तिथे माध्यम बदलते, म्हणून ‘रूपांतर’. चित्रपटाचा पुन्हा चित्रपट होतो तिथे ‘पुनर्निर्मिती’. ‘अवतार’ हा शब्द मी टाळतो, कारण ‘हा काय अवतार करून आलास’ हा घरातला अर्थ त्याला कायमचा चिकटलेला आहे.

आपल्याला जे ओळखीचे वाटले, ते मुख्यतः हिंदी आवृत्तीतले आहे. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांची चाल असलेले शीर्षकगीत जपानी मालिकेत नव्हतेच. ते इथे तयार झाले आणि चित्रपटाच्या हिंदी प्रसिद्धीसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केले गेले.

मूळ विचारणाऱ्याकडून

सर, नात्याचा उलगडा पटला. तरीही आपले तिन्ही शब्द निर्मात्याच्या बाजूचे आहेत. मला पाहणाऱ्याच्या बाजूचा शब्द हवा आहे. माझ्या मनात ‘उजळणी’ आहे. शाळेत पाढ्यांची उजळणी व्हायची, पण त्याआधी ‘उजळणे’ हे क्रियापद आमच्या घरात भांड्यांसाठी होते. दिवाळीच्या तोंडावर आई चिंचेचा कोळ आणि राख घेऊन तांब्याचा हंडा घासायला बसायची. काळ्या पडलेल्या पोटावर आधी बोटाएवढी लाल रेघ उमटायची, मग ती रेघ हळूहळू रुंदावत जायची. हंडा तोच असायचा.

प्रतिसाद (अंबाजोगाई)

माझी हरकत नेमकी इथेच आहे. आपण आताच म्हणालात, ‘हंडा तोच’. इथे हंडा दुसरा आहे: मालिका हाताने रेखाटलेली होती, तर चित्रपटात मोगली झालेला मुलगा खरा आणि भोवतीचे प्राणी व जंगल संगणकावर घडवलेले. म्हणून चित्रपटाला ‘उजळणी’ म्हणता येणार नाही.

मूळ विचारणाऱ्याकडून

मान्य आहे. वाक्यात मी भेद असा करीन : ‘२०१६चा चित्रपट ही जुन्या चित्रपटाची पुनर्निर्मिती आहे, तो पाहताना माझ्या लहानपणच्या मालिकेची उजळणी झाली.’ पहिल्या शब्दाचा संबंध चित्रपटाशी, दुसऱ्याचा पाहणाऱ्याच्या आठवणीशी, आणि उजळला तो आठवणीचा हंडा. भाच्याच्या बाबतीत हा दुसरा शब्द लागू होत नाही. त्याने शेरखानचा आवाज पहिल्यांदाच ऐकला आणि माझा हात घट्ट धरला.