एव्हनेसन्ट फील्डला मराठीत काय म्हणता?

पोहेप्रेमी : मायक्रोवेव्ह रेझोनेटर प्रोबच्या (सँपलच्या अगदी जवळ टोक नेऊन मोजमाप करणारं उपकरण) सिम्युलेशनवर मराठीत टिपण लिहितेय. रेझोनेटर, प्रोब, मेश (सिम्युलेशनसाठी आकाराचे पाडलेले बारीक तुकडे) आहेत तसेच ठेवणारे, उगाच 'सूक्ष्मतरंग अनुनादक शलाका' लिहून कोणाचंच भलं होणार नाही. पण एव्हनेसन्ट फील्डपाशी (लाट बनून पुढे न जाता जागेजवळच राहणारं, अंतराबरोबर झपाट्याने कमी होणारं क्षेत्र) अडलंय. 'क्षणभंगुर क्षेत्र' चालेल का?

खडूस खारीक : अजिबात नको. क्षणभंगुर आयुष्य असतं, ते काळाचं झालं. हे फील्ड सोर्स चालू आहे तोवर तिथेच ठाण मांडून असतं, कमी होतं ते अंतराबरोबर. ओव्हनच्या दारातली जाळी बघा, आत २.४५ गिगाहर्ट्झ म्हणजे लाटेची लांबी १२ सेंमीच्या आसपास आणि भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, त्यातून लाट पुढे सरकूच शकत नाही. भोकाच्या व्यासाएवढं अंतर आत गेलं की फील्ड साधारण ३२ डेसिबलने खाली. यात घड्याळ कुठे आलं?

आगाऊ कार्टं : मग क्षयी क्षेत्र?

खडूस खारीक : हो, आणि वाचणारा थेट छातीचा एक्स-रे काढायला जाईल :)

तारेवरची कसरत : क्षय काय, ऱ्हास काय, दोन्हीत गोची अशी की एनर्जी खर्च होतेय असं वाटतं. ती होत नाही, टोकापाशी साठते नि परत जाते, सरासरी पॉवर बाहेर निघत नाही. प्रोब चालतो तोच यावर. क्वार्टर-वेव्ह कोॲक्सियल रेझोनेटर (मधे एक कंडक्टर, भोवती दुसरा, लांबी लाटेच्या पाव) घ्यायचा, मधल्या कंडक्टरचं टोक अणकुचीदार करायचं, सँपल जवळ आलं की फ्रीक्वेन्सी खाली सरकते आणि सँपल लॉसी (एनर्जी शोषणारं) असेल तर क्यूही (रेझोनन्स किती धारदार ते सांगणारा आकडा) पडतो. बारकावा टोकाच्या जाडीवर ठरतो, लाटेच्या लांबीवर नाही. ॲश आणि निकोल्स यांनी १९७२ मधे (टोक नाही, बारीक भोक वापरून) ३ सेंमीच्या लाटेने तिच्या साठाव्या भागाइतकं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं रिझोल्यूशन दाखवलं होतं.

सिम्युलेशनवर लिहिताय तर एक गोष्ट नक्की टाका. टोक मायक्रॉनमधे, रेझोनेटर सेंटीमीटरमधे, त्यामुळे सँपल नव्याने घातलं की मेश नव्याने पडते आणि नुसत्या मेशमुळे फ्रीक्वेन्सी इतकी हलते की सँपलचा खरा शिफ्ट त्यात बुडून जातो. म्हणून सँपलचा ठोकळा आधीपासून काढून ठेवायचा, पहिल्या रनला त्याला हवेचा एप्सिलॉन (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो तो आकडा) द्यायचा, मग मेश तीच ठेवून खरा. आणि ॲब्सॉर्बिंग बाउंड्री (सिम्युलेशनची लाटा शोषून घेणारी कड) टोकाला चिकटवू नका, ती साठलेल्या फील्डलाच धक्का लावते.

शब्द म्हणाल तर माझं मत 'विरतं क्षेत्र'.

आगाऊ कार्टं : ढग पण विरतात की, काळाबरोबरच. परत तेच.

तारेवरची कसरत : म्हणून 'पासून' जोडायचं. 'टोकापासून विरत जाणारं क्षेत्र' म्हटलं की अंतर आपोआप येतं.

पोहेप्रेमी : हे जमतंय. पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण लिहिते, पुढे नुसतं 'विरतं क्षेत्र', सोबत एव्हनेसन्ट देवनागरीत. क्यूला गुणवत्ता गुणांक करू का?

खडूस खारीक : क्यूच राहू द्या हो.