जुन्या ‘बाहा’ बग्गीची दुरुस्ती: आधी इंजिन बदलावे की बाकीची गाडी पाहावी?

माळकरी

नमस्कार मंडळी. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘एसएई बाहा’ (खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या) स्पर्धेसाठी बांधलेली आणि नंतर काही वर्षे कार्यशाळेच्या मागे उभी राहिलेली एक बग्गी आम्ही कोल्हापूर परिसरातील काही मित्रांनी रीतसर विकत घेतली आहे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे ३०५ सीसीचे १० अश्वशक्तीचे इंजिन, महिंद्रा अल्फा या तीनचाकी टेम्पोचा गिअरबॉक्स, पुढे दुहेरी विशबोन (चाकाला फ्रेमशी जोडणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म), मागे ट्रेलिंग आर्म (फ्रेमपासून मागे जाऊन चाक धरणारा दांडा), हवेवर चालणारे शॉक अब्सॉर्बर आणि २३ इंची टायर अशी तिची रचना आहे. कागलजवळ आमच्यापैकी एकाच्या घरचे पडीक माळरान आहे. तिथेच ती चालवायची आहे, स्पर्धेत उतरवायची नाही.

सध्याच्या तक्रारी अशा आहेत. इंजिन सुरू होते, पण आयडलिंगवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालताना) त्याचा आवाज सारखा चढतो आणि उतरतो, आणि एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यास ते बंद पडते. ब्रेकचे पेडल स्पंजासारखे दबते आणि कितीही वेळा ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतील हवा बाहेर काढणे) केले तरी कडक होत नाही. पुढच्या डाव्या चाकाचा खालचा आर्म वाकलेला आहे आणि त्याच्या टोकाच्या रॉड-एंडचे (आटे असलेल्या फिरत्या सांध्याचे) आटेही सरळ दिसत नाहीत. खडबडीत जमिनीवर स्टिअरिंग न वळवताच गाडी डावी-उजवीकडे ओढली जाते. मागचे एक चाक खळग्यावर अधांतरी झाले की तेच गरगर फिरते आणि गाडी जागेवर अडकते.

आमच्यातील बहुतेकांचे मत असे आहे की मुळात इंजिनच कमी ताकदीचे आहे, म्हणून ते काढून पल्सर २२०चे जुने इंजिन बसवावे आणि बाकीची कामे त्यानंतर हळूहळू करावीत. हा क्रम योग्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

पिथमपूर-रिटर्न

माळकरी साहेब, क्रम उलटा आहे, आणि इंजिन बदलण्याची गरज तर मला मुळीच दिसत नाही. कारण आकड्यांतच आहे.

या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे १९ न्यूटन-मीटर असतो आणि अल्फाच्या गिअरबॉक्सचे पहिल्या गिअरमधील एकूण गुणोत्तर ३१.४८ आहे. म्हणजे चाकांपर्यंत जवळजवळ ६०० न्यूटन-मीटर पोहोचतात. २३ इंची टायरवर, घर्षणात जाणारा भाग वजा केल्यावरही, जमिनीवर पावणेदोनशे किलोच्या आसपास ढकल मिळते. चालकासह तुमची गाडी सव्वातीनशे किलोची धरली, तर ३० अंशांच्या चढाला सुमारे १६० किलो ढकल लागते. प्रत्यक्षात सैल मुरमावर मागच्या दोन चाकांना तेवढी पकडच मिळत नाही, त्यामुळे इंजिन थकण्याच्या कितीतरी आधी चाके घसरू लागतात. चौथ्या गिअरचे गुणोत्तर ७.३५ आहे आणि इंजिनाचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारी यंत्रणा) मिनिटाला ३८०० आवर्तनांवर मर्यादा घालतो, म्हणून गाडीचा कमाल वेग ताशी ५५ ते ५७ किलोमीटर येतो. माळरानावर एवढा वेग पुरेसा आहे. त्याहून जास्त वेग या ब्रेकवर मला नको वाटेल.

आता पल्सरच्या इंजिनाकडे पाहा. त्याचा टॉर्कही साधारण १८ ते १९ न्यूटन-मीटरच आहे, फक्त तो ७००० आवर्तनांच्या आसपास मिळतो. त्याला स्वतःचा गिअरबॉक्स असतो, मात्र रिव्हर्स नसतो. रिव्हर्ससाठी अल्फाचा गिअरबॉक्स ठेवला, तर दोन गिअरबॉक्स एकापुढे एक लागतात आणि दोघांच्या पहिल्या गिअरचा गुणाकार मधल्या दात्यांवर व मागच्या शाफ्टवर येतो. शिवाय ब्रिग्जच्या फ्लायव्हीललाच पंखा असल्यामुळे गाडी उभी असली तरी सिलिंडरवर वारा येत राहतो. मोटारसायकलच्या इंजिनाला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा आधार लागतो, आणि तो पहिल्या गिअरमध्ये, चालकाच्या पाठीमागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि चालक यांच्यामधील पत्र्याच्या) आड मिळणार नाही.

आवाज चढण्या-उतरण्याची तक्रार बहुधा कार्ब्युरेटरची आहे. मिश्रणात पेट्रोल कमी पडले की आवर्तने घसरतात, गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, आवर्तने वाढतात, तो पुन्हा बंद करतो, आणि हे चक्र चालूच राहते. खात्री करण्यासाठी इंजिन गरम झाल्यावर चोक थोडा ओढून पाहा. आवाज स्थिर झाला, तर आयडल जेट (पेट्रोल येण्याचे बारीक छिद्र) तुंबला आहे किंवा कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांच्यामधील गॅस्केटातून हवा आत ओढली जात आहे, असे समजावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत वर्षानुवर्षे राहिले की ते हवेतील ओलावा शोषते आणि कार्ब्युरेटरच्या बाऊलच्या तळाशी पांढरट-हिरवट थर बसतो. जेट तारेने कोरू नका, कारण छिद्र किंचित मोठे झाले तरी हिशेब बिघडतो. कार्ब-क्लीनर आणि दाबाची हवा एवढ्यावर भागवा आणि पेट्रोलचा पाइप मात्र नवाच घाला.

गव्हर्नर काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी नक्की देईल. तो ऐकू नये. या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हील त्या मर्यादेपलीकडच्या वेगासाठी बनवलेले नसतात, आणि फ्लायव्हील फुटले तर त्याचे तुकडे तुमच्या पाठीपासून हातभर अंतरावरून उडतील. तेलाची पातळीही गाडी सपाट जागी उभी करूनच पाहावी. आत तेलाचा पंप नाही. रॉडला लागलेला चमचा तेल उडवतो तेवढेच वंगण, म्हणून पातळी थोडी खाली गेली तरी लांब चढावर ते पुरत नाही.

टिगवाला

वरच्या उत्तराशी सहमत आहे, पण कार्ब्युरेटर उघडण्याच्याही आधी फ्रेम पाहावी, असे मी म्हणेन. या स्पर्धेतील गाडी विद्यार्थी चार तासांच्या सहनशक्ती-शर्यतीचे गणित मनात धरून बांधतात, आणि वजन वाचवण्यासाठी जिथे जिथे शक्य तिथे पत्रा व नळी बारीक करतात. त्या चार तासांत ती पुरेशी असते. तुम्हाला ती वर्षानुवर्षे चालवायची आहे, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे.

प्रथम नळीचा बाहेरचा व्यास मोजा. तो एक इंच आणि जाडी ३ मिलिमीटर असेल, तर ती बहुधा १०१८ जातीच्या साध्या पोलादाची आहे. व्यास २९ मिलिमीटरच्या आसपास आणि जाडी दीड-पावणेदोन मिलिमीटर असेल, तर ती ४१३० म्हणजे क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचे पोलाद) असण्याची शक्यता जास्त. दोन्हींची दुरुस्ती सारखी होत नाही. क्रोमोलीच्या पातळ नळीला टिग वेल्डिंगच करावे, फिलर (जोड भरण्याची तार) ईआर-७०एस-२ वापरावा, आणि वेल्डिंग झाल्यावर जोडावर पाणी किंवा ओले फडके कदापि लावू नये. तो आपोआप निवू द्यावा. घाईने थंड केलेला जोड दिसायला उत्तम असतो आणि कडेला ठिसूळ होतो.

तडे शोधण्यासाठी सस्पेन्शनचे सगळे टॅब (आर्म जोडण्यासाठी फ्रेमला वेल्ड केलेले कान), शॉकचे वरचे माउंट आणि गिअरबॉक्सच्या कंसांभोवतीचा रंग काढा आणि डाय-पेनिट्रंटची तपासणी घरीच करा. क्लीनर, लाल द्रव आणि पांढरा डेव्हलपर असे तीन डबे मिळून हे काम होते, आणि केसासारखा तडाही पांढऱ्यावर लाल रेघ होऊन उमटतो. तड्यावर नुसते पुन्हा वेल्डिंग फिरवू नका. त्याची दोन्ही टोके शोधून तिथे बारीक भोके पाडा, तडा घासून काढा आणि मगच भरा.

वाकलेला आर्म तापवून सरळ करू नये. तो फेकून द्यावा आणि उजव्या आर्मवरून जिग (मापाचा साचा) बनवून नवा तयार करावा. शिवाजी उद्यमनगरात बुशिंग आणि आटे करून देणारे लेथवाले तुम्हाला दारोदार सापडतील. रॉड-एंडचे आटे वाकले आहेत, म्हणजे त्याच्यावर ओढीऐवजी वाकवण्याचा जोर येत होता. रॉड-एंड ओढ आणि दाब झेलतो, पण खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाला, जिथे शॉकचा भार आणि चाकाचा धक्का एकत्र येतात, तिथे त्याचे आटे हळूहळू खचतात. त्या जागी मारुती ८००चा बॉल जॉइंट बसेल असा कप आर्मवर वेल्ड करून घ्यावा. वजन थोडे वाढेल, पण तो भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो.

माळकरी

दोघांचेही आभार. चोक थोडा ओढताच इंजिन अगदी एकसुरात चालू लागले, त्यामुळे कार्ब्युरेटर उतरवला आहे. बाऊलमध्ये वर्णन केल्याप्रमाणेच थर सापडला. नळी २९ मिलिमीटरची निघाली. इंजिन बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे, जरी आमच्यातील एक मित्र अजून नाराज आहे.

ब्रेक आणि स्टिअरिंगचे कोडे मात्र तसेच आहे. पुढचे कॅलिपर मोटारसायकलचे आहेत, मास्टर सिलिंडर मारुतीचा आहे. कुठेही गळती दिसत नाही. मागचे चाक अधांतरी होण्यावर उपाय म्हणून गॅरेजवाल्याने डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांची रचना) वेल्ड करून टाकण्याचा सल्ला दिला आहे.

कॅम्बर

कॅलिपरवरील ब्लीडिंगचे निपल कोणत्या बाजूला आहे, ते आधी पाहा. मोटारसायकलवर ते कॅलिपरच्या सर्वांत वरच्या बिंदूवर येते. बग्गीच्या अपराइटवर (चाकाचा हब धरणाऱ्या भागावर) तोच कॅलिपर जागा मिळेल तसा फिरवून बसवतात, आणि निपल बाजूला किंवा खाली जाते. मग कितीही पेडल मारले तरी वरच्या कोपऱ्यातील हवेचा बुडबुडा बाहेर पडत नाही. कॅलिपर सोडवून हातात धरा, निपल वर करा, दोन्ही पॅडांमध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी घाला आणि त्या स्थितीत ब्लीडिंग करा. जुने ब्रेक ऑइल पूर्ण काढून टाका, कारण तेही ओलावा शोषते. मागच्या एखाद्या सीव्ही जॉइंटचा (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) रबरी बूट फाटला असेल, तर त्याचे ग्रीस डिस्कवर उडाले आहे का हेही पाहून घ्या. ग्रीस प्यायलेले पॅड घासून सुधारत नाहीत, ते बदलावेच लागतात.

स्टिअरिंगची तक्रार ही बंप-स्टिअर आहे. चाक वर-खाली होताना विशबोन एका कमानीत फिरतात आणि टाय-रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणारी दांडी) दुसऱ्या कमानीत. या दोन कमानी जुळल्या नाहीत की टाय-रॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो. तपासणी अशी करावी: गाडी स्टँडवर घ्या, शॉक सोडवा, रॅक (स्टिअरिंगची दातेरी पट्टी) मध्यभागी घट्ट बांधा, चाकाच्या जागी हबवर एक लांब सरळ पट्टी बसवा, आणि हब जॅकने थोडे थोडे वर नेत पट्टीच्या दोन्ही टोकांचे जमिनीवरील खुणेपासूनचे अंतर लिहून ठेवा. चाक वर जाताना एका दिशेला आणि खाली येताना विरुद्ध दिशेला वळत असेल, तर टाय-रॉडच्या एका टोकाची उंची चुकलेली आहे, आणि ती स्टिअरिंग आर्मखाली वॉशर घालून किंवा रॅक वर-खाली करून सुधारता येते. दोन्ही वेळा एकाच दिशेला वळत असेल, तर टाय-रॉडची लांबी जुळत नाही, म्हणजे रॅकच्या टोकाचा सांधा विशबोनच्या आतील सांध्यांच्या रेषेत नाही. ते काम जास्त किचकट आहे.

मात्र हे मोजमाप घेण्याआधी हवेच्या शॉकमधील दाब पाहा. खालून दगड लागू नयेत म्हणून आधीच्या मंडळींनी दाब वाढवून गाडी उंच केली असेल, तर टाय-रॉड मूळ स्थितीतून तिरका झालेला असणार. या शॉकमध्ये हवेचे आकारमान इतके कमी असते की टायरचा गेज लावतानाच दाब उतरतो, त्यामुळे शॉकसाठीचा हातपंपच वापरावा.

भोसरीकर

डिफरन्शियल वेल्ड करण्याबद्दल माझे मत वेगळे आहे. माळरानावर, सैल जमिनीवर, वेल्ड केलेले डिफरन्शियल बिनदिक्कत चालते. स्पर्धेतील अनेक संघ तसे करतात. खर्च नगण्य आणि फायदा त्याच दिवशी दिसतो.

पिथमपूर-रिटर्न

भोसरीकर, संघ तसे करतात हे खरे, पण त्यांच्याकडे सुट्या शाफ्टची पेटी असते आणि शर्यत संपली की गाडी ट्रकवर चढते. डिफरन्शियल मोकळे असताना ६०० न्यूटन-मीटर दोन शाफ्टमध्ये निम्मे-निम्मे वाटले जातात. ते वेल्ड करून बंद केले आणि एक चाक हवेत गेले, की सगळा भार एकाच शाफ्टवर आणि एकाच सीव्ही जॉइंटवर येतो. वळताना गाडीचे नाक सरळच जाऊ पाहते, तो त्रास वेगळा. शिवाय अल्फाचे डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या आतच असल्याने वेल्डिंगचे कण तेलात राहिले, तर बेअरिंग गेलीच.

मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र डिस्क असतील, तर ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकचे तत्त्व वापरा. मास्टर सिलिंडरपासून मागे जाणारी ब्रेकची नळी दोन भागांत विभागून मध्ये दोन हातांचा कटिंग ब्रेक बसवता येतो. अधांतरी चाकाचा ब्रेक हलकेच ओढला की तेवढाच टॉर्क जमिनीवरच्या चाकाला मिळतो आणि गाडी खळग्यातून निघते. अरुंद जागी वळतानाही तो उपयोगी पडतो. मागे एकच डिस्क गिअरबॉक्सजवळ असेल, तर हा उपाय चालणार नाही.

माळकरी

मागे दोन स्वतंत्र डिस्क आहेत, आणि पुढचे निपल खरोखरच खाली तोंड करून होते. आता पेडल कडक लागते. कटिंग ब्रेकची चौकशी सुरू केली आहे. माळापर्यंत गाडी पाणंदीने चालवत नेली तर चालेल का, एवढे सांगावे. अंतर फार नाही.

टिगवाला

चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि ज्या वाटेवर लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती वाट त्यात येते, मग ती डांबरी असो वा चिखलाची. पिकअपमध्ये चढवून न्या. चढवताना पट्टे फ्रेमला बांधा, विशबोनला नको, नाहीतर नव्या आर्मवर पहिला ताण वाटेतच येईल. सीटबेल्टचे पट्टेही या निमित्ताने बदलून घ्या. उन्हात पडलेल्या पट्ट्याचा रंग उडाला असेल, तर त्याची ताकदही गेलेली असते.