‘की तेत्से’ पराशावर मराठीतून चर्चा घ्यायची आहे. आजच्या प्रश्नांशी ती प्रामाणिकपणे कशी जोडावी?

ठाणेकर_वाचक (प्रश्न)

सर्वांना शालोम. आमच्या सिनॅगॉगमध्ये शब्बाथच्या सकाळची प्रार्थना आणि किद्दूश झाल्यावर त्या आठवड्याच्या पराशावर, म्हणजे तोरातील (मोशेच्या पाच ग्रंथांतील) त्या आठवड्यासाठी ठरलेल्या भागावर, मराठीतून थोडा वेळ चर्चा करावी असे ठरले आहे, आणि नव्याच्या सणाआधीच्या (यहुदी नववर्षाआधीच्या) ज्या शब्बाथची जबाबदारी माझ्याकडे आली आहे, त्या दिवशी ‘की तेत्से’ वाचली जाणार आहे. अनुवाद या ग्रंथातील २१:१० पासून २५:१९ पर्यंतचा हा भाग आज्ञांनी नुसता भरलेला आहे. ‘सेफेर हाहिनुख’ या मध्ययुगीन ग्रंथाच्या गणनेप्रमाणे तोरातील ६१३ आज्ञांपैकी ७४ या एकाच पराशात येतात. तेव्हा विषय सापडत नाही ही अडचण नसून विषय फार आहेत ही अडचण आहे.

मी आजवर ऐकलेल्या अशा चर्चांमध्ये बहुतेक वेळा असे घडते की वक्त्याचे मत आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून आलेले असते आणि सुरुवातीला तोराचे एक वचन केवळ शोभेसाठी लावलेले असते. मला ते टाळायचे आहे. शिवाय मंडळातील काही ज्येष्ठांनी सुचवले आहे की छताला कठडा बांधणे, मजुराची मजुरी वेळेवर देणे, शेतात विसरलेली पेंढी गरिबांसाठी सोडणे अशा आज कोणालाही पटतील त्याच आज्ञा घ्याव्यात, आणि बंडखोर मुलगा, युद्धात पकडलेली स्त्री किंवा मामझेर (निषिद्ध संबंधातून जन्मलेली संतती) यांना हात लावू नये, कारण तरुण मुले प्रश्न विचारतील आणि उत्तरे देता येणार नाहीत. अशी निवड करणे योग्य आहे का? आणि जी आज्ञा घ्यायची ती आजच्या आयुष्यापर्यंत नेमकी कोणत्या वाटेने न्यावी?

घाणेवाला

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. माझ्या मते एकच वचन घ्यावे आणि मिश्ना (मौखिक नियमांचा प्राचीन संग्रह) व तालमूद (त्यावरची ऋषींची चर्चा) यांनी त्याचे काय केले ते आधी पाहावे, म्हणजे आपले मत त्यावर लादले जाण्याची भीती बरीच कमी होते. वचनावरून थेट आजच्या बातमीवर उडी मारली की मधली दोन हजार वर्षांची चर्चा वाया जाते, आणि खरी मौज तर त्या चर्चेतच असते.

मी असतो तर २४:६ घेतले असते. जाते किंवा जात्याची वरची तळी कोणी गहाण ठेवून घेऊ नये, कारण तो जीवच गहाण ठेवून घेण्यासारखे आहे, असा त्या वचनाचा आशय आहे. बाबा मेत्सिया या खंडातील (९:१३) मिश्ना हा नियम जात्यापुरता ठेवत नाही. ज्या ज्या साधनाने अन्न तयार होते त्या सर्वांना तो लागू करते. आपल्याला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. सावकाराने घाणाच उचलून नेला, तर त्या घराचे कर्ज फिटणार कशातून, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते.

आता आजचे पाहा. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (१९०८) कलम ६० मध्ये कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते, उपजीविकेला लागणारी गुरे व बियाणे, तसेच स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती आणता येत नाही, अशी तरतूद आहे. हा कायदा तोरातून आला असा माझा दावा नाही. दोन्हीकडे एकच प्रश्न उभा राहिला आणि उत्तरे जवळ आली, इतकेच. त्यापुढची वचने (२४:१०-११) सांगतात की धनकोने गहाण आणण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने ते स्वतः बाहेर आणून द्यावे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये वसुली एजंटांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर ऋणकोला फोन करण्यास मनाई केली, तेव्हा मला हाच उंबरठा आठवला होता. मोबाइलवरील कर्जाच्या काही ॲपनी तर ऋणकोच्या फोनमधील नातेवाइकांचे क्रमांक घेऊन त्यांनाही धमकावले. घरात शिरणे याहून वेगळे काय असते?

मात्र चर्चेत उलट बाजूही मांडा. कमाईचे साधन कधीच हाती लागणार नसेल, तर गरिबाला कर्ज कोण देईल? ही शंका आधुनिक नाही. ऋणकोंच्या तोंडावर दार बंद होऊ नये, या कारणासाठी ऋषींनी काही नियम मुद्दाम सैल केल्याचे तालमूद सांगते (सनहेद्रिन ३अ). रिक्षा कर्जावर घेतलेली असते आणि तीच तारण असते, तेव्हा २४:६ चे काय करायचे? तरुण मंडळी यावर तासभर भांडतील आणि ते भांडण चांगले असेल.

कामगार_वकील

घाणेवाले यांच्या पद्धतीशी मी सहमत आहे, पण वचन मी दुसरे निवडेन: २४:१४-१५. गरीब मजुराला, तो तुझ्या बांधवांपैकी असो वा तुझ्या देशातील परका असो, त्याच दिवशी सूर्य मावळण्याआधी मजुरी दे. तालमूद (बाबा मेत्सिया ११२अ) इथे विचारते की हा माणूस शिडीवर चढला, झाडाला लोंबकळला, मरणाच्या तोंडी गेला, तो मजुरीसाठीच ना? मुंबई-ठाण्यात उंच इमारतींच्या बाहेर बांबूच्या परांचीवर उभे राहून रंग देणारे कामगार आपण रोज पाहतो, त्यामुळे या ओळीला टीप लागत नाही.

परंतु मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्याआधीच्या पानांवरची (११०ब) एक अडचणीची जागा. ‘जा, माझ्यासाठी मजूर लावून ये’ असे एखाद्याने दुसऱ्यास सांगितले, आणि मजुरी थकली, तर ही आज्ञा कोणी मोडली? उत्तर असे दिले आहे की दोघांनीही नाही. मालकाने नाही, कारण त्याने मजुरांना स्वतः कामावर ठेवले नाही, आणि मध्यस्थाने नाही, कारण काम त्याच्यासाठी झालेले नाही. मध्यस्थाने ‘तुमची मजुरी माझ्याकडे’ असे म्हटले असेल तरच तो बांधला जातो. कंत्राटी पद्धतीचे संपूर्ण वर्म या चार ओळींत आहे. आपल्याकडे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ही फट बुजवण्याचा प्रयत्न केला आणि कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली. म्हणजे या एका बाबतीत आधुनिक कायदा तालमूदच्या त्या ओळीपेक्षा कडक निघाला, आणि हे सिनॅगॉगमध्ये उघडपणे सांगण्यास काही हरकत नसावी.

याला जोडून बाबा मेत्सिया ८३अ मधील हमालांची कथा सांगावी. रब्बा बर बर हानान यांच्या हमालांनी द्राक्षारसाचे पिंप फोडले, म्हणून त्यांनी हमालांची वस्त्रे अडकवून ठेवली. प्रकरण रव या तालमूदकालीन आचार्यांकडे गेले. वस्त्रे परत दे, असे रव म्हणाले. हाच नियम आहे का, असे विचारल्यावर त्यांनी होय म्हणून नीतिसूत्रांतील सज्जनांच्या मार्गाचे वचन ऐकवले. मग हमाल म्हणाले की आम्ही गरीब आहोत, दिवसभर राबलो, भुकेले आहोत, हातात काही नाही. तेव्हा रव यांनी मजुरीही द्यायला लावली. कायद्याचा काटेकोर हिशेब हमालांच्या विरुद्ध होता, हे लक्षात घेतल्याशिवाय कथेतला कस कळत नाही.

एक सूचना, जी कदाचित काहींना रुचणार नाही: चर्चेची सुरुवात देशाच्या धोरणापासून करू नका. सिनॅगॉगचा पहारेकरी आणि झाडलोट करणारी बाई एजन्सीमार्फत आहेत का, त्यांना पगार कोणत्या तारखेला मिळतो, हे ट्रस्टच्या कोणत्या सभासदाला ठाऊक आहे, इथून सुरू करा. पराशातील जवळजवळ प्रत्येक आज्ञा ‘तू’ला उद्देशून आहे. मत देणे सोपे असते. ‘तू’ झाल्यावर बोलणे आपोआप मोजके होते.

साशंक

मला हा उत्साह थोडा जपून घ्यावासा वाटतो. आपण आजची मूल्ये आधीच मान्य केलेली असतात आणि मग तीच तोरात सापडल्याचा आनंद मानतो. याच पराशात विजयी सैनिकाने सुंदर बंदिवान स्त्रीला घरी आणण्याची परवानगी आहे, आणि तिला आईबापांसाठी महिनाभर शोक करू द्यावा व नको झाल्यास विकू नये, एवढेच तिचे संरक्षण आहे. शेवट इस्राएलांवर हल्ला करणाऱ्या अमालेक जमातीची आठवण पुसून टाकण्याच्या आज्ञेने होतो. कठड्याचे वचन मार्गदर्शक आणि अमालेकचे वचन त्या काळापुरते, हे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवले?

लोदवासी

साशंक यांचा प्रश्न रास्त आहे आणि मूळ प्रश्नातील पहिल्या भागाचे उत्तरही त्यातच आहे. निवड करू नये, असे माझे मत आहे. आठवड्याचे वाचन ठरलेले असते, हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण आहे. नाहीतर प्रत्येक समाज आपल्याला गोड लागणारी पाचसहा वचनेच वर्षभर वाचत बसला असता.

कशाच्या आधारावर ठरवले, याचा शोध परंपरेच्या आतच घेता येतो. बंडखोर मुलाला दगडमार करण्याची आज्ञा घ्या. मिश्नाने त्याने किती मांस खावे आणि किती द्राक्षारस प्यावा याची मापे घातली, रब्बी यहूदा यांनी आई आणि बाप आवाजाने, रूपाने व उंचीने सारखे असले पाहिजेत अशी अट घातली, आणि शेवटी सनहेद्रिन ७१अ मध्ये असे म्हटले गेले की असा मुलगा कधी झाला नाही व होणारही नाही. त्याच पानावर रब्बी योनाथान म्हणतात की मी त्याला पाहिला आहे आणि त्याच्या कबरीवर बसलो आहे. दोन्ही मते जपून ठेवलेली आहेत. उलट कठड्याची आज्ञा पसरत गेली. घरात चावरे कुत्रे किंवा मोडकी शिडी ठेवू नये, हे रब्बी नाथान यांनी तिच्यावरूनच काढले (केतुबोत ४१ब). कोणती आज्ञा आवळायची आणि कोणती पसरायची याचा निर्णय ऋषींनी घेतला, त्यांनी तो वाद घालून घेतला, आणि वाद लिहून ठेवला. साशंक यांचे यावर पूर्ण समाधान होईल असे नाही. बंदिवान स्त्रीच्या वचनावर माझेही होत नाही.

मामझेरच्या वचनाबद्दल मात्र मी आग्रहाने लिहितो, कारण बेने इस्राएलींनी (आपण कोकणातून आलेल्या यहुद्यांनी) ते वगळणे म्हणजे स्वतःचाच इतिहास वगळणे आहे. निषिद्ध संबंधातून जन्मलेल्या संततीला समाजात विवाह करता येणार नाही, असे ते वचन. घटस्फोटाचे पत्र म्हणजे गेट (२४:१) आणि निपुत्रिक भावाच्या विधवेला दिराशी विवाहाच्या बंधनातून सोडवण्याचा विधी म्हणजे हलित्सा (२५:५-१०) हेही याच पराशात. या तीन जागांना धरूनच इस्राएलमध्ये आपल्यावर शंका घेतली गेली: भारतात आपल्याकडे गेट आणि हलित्सा शास्त्राप्रमाणे होत नसतील, तर पुनर्विवाहातून झालेल्या संततीचे काय? मुख्य रब्बिनेटने, म्हणजे इस्राएलमधील सर्वोच्च यहुदी धर्मसंस्थेने, १९६१ मध्ये आपल्याशी विवाहास मान्यता दिली, पण १९६२ च्या सूचनांमध्ये विवाह नोंदवणाऱ्या रब्बीने मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी असे आले. आंदोलने झाली, १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली, आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) बेने इस्राएली सर्व अर्थांनी यहुदी आहेत असे जाहीर केले. त्यानंतर सूचनांमधून आपल्या समाजाचे नाव निघाले. लोद, रामला, दिमोना, अश्दोद इथल्या घरांत हे अजून बोलले जाते.

हे सांगताना वायिक्रा रब्बा (लेवीय ग्रंथावरचे जुने भाष्य) ३२:८ जवळ ठेवा. तिथे दानिएल नावाचा शिंपी उपदेशक ग्रंथातील ‘पीडितांचे अश्रू आणि त्यांचे सांत्वन करणारा कोणी नाही’ हे वचन मामझेरांना लावतो. यांच्या आईबापांनी पाप केले, या बिचाऱ्यांना काय त्याचे, असे तो विचारतो. त्यांना छळणारे कोण, तर तोराच्याच बळावर त्यांना दूर लोटणारे महान सनहेद्रिन; आणि मग देव म्हणतो की यांचे सांत्वन करणे माझ्याकडे आहे. एका शिंप्याने सर्वोच्च न्यायसभेला छळणारी म्हटले, आणि परंपरेने ते पुसले नाही. सामाजिक प्रश्नावर तोरा लावायची, तर ती आपल्याच संस्थेलाही लावता आली पाहिजे, याला याहून स्पष्ट आधार मला माहीत नाही.

ठाणेकर_वाचक

सर्वांचे आभार. मजुरीचे वचन मुख्य घेते आणि पहारेकऱ्यांच्या पगाराची चौकशी त्या आधीच ट्रस्टकडे करते, म्हणजे चर्चेत कोणी अचानक अडचणीत येणार नाही. मामझेरचा भाग घेण्याची इच्छा आहे, पण १९६० च्या दशकात इस्राएलहून परतलेली काही कुटुंबे आमच्यात आहेत आणि त्यांना जुने दुःख उकरल्यासारखे वाटेल का, ही शंका आहे. शिवाय तो प्रश्न आता मिटलेला नाही का?

लोदवासी

आपल्या समाजापुरता तो १९६४ मध्ये बराचसा मिटला, वचनापुरता मिटलेला नाही. नवरा गेट देत नाही म्हणून अडकून पडलेल्या स्त्रिया आजही आहेत, आणि गेटशिवाय अशा स्त्रीला दुसऱ्या पुरुषापासून मूल झाले तर तेच मूल मामझेर ठरते. त्यामुळे नवऱ्याच्या हातात केवढे शस्त्र येते ते पाहा. सुमारे हजार वर्षांपूर्वी रब्बेनू गेर्शोम यांनी स्त्रीच्या संमतीवाचून तिला घटस्फोट देण्यास बंदी केली. इस्राएलच्या १९९५ च्या कायद्याने गेट अडवणाऱ्याचा वाहन परवाना व पासपोर्ट रोखण्याचे, बँक खात्यावर निर्बंध घालण्याचे, वेळ पडल्यास त्याला तुरुंगात टाकण्याचे अधिकार रब्बिनी न्यायालयांना दिले. लग्नाआधीच करार करून ठेवण्याची पद्धतही काही समाजांत रुजते आहे, आणि तुमच्याकडे लग्नाच्या वयाची मुले-मुली असतील तर त्यांच्याशी बोलायचा विषय हाच आहे.

परतलेल्या कुटुंबांना मात्र सभेत पहिल्यांदा ऐकायला लावू नका. आठवडाभर आधी त्यांच्या घरी जा, कोणती वचने वाचणार ते सांगा, आणि बोलायचे की नाही हे त्यांच्यावर सोडा. एखाद्या आजींना बोलायचे असेल, तर तुमच्या वेळेतील निम्मा वेळ त्यांना द्या आणि मजुरीचे वचन पुढच्या वर्षीच्या की तेत्सेला घ्या.