मदत हवी आहे: जबड्यातली केराटोसिस्ट, नळी की थेट ऑपरेशन?

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. धाकटा भाऊ, वय 24. उजव्या खालच्या अक्कलदाढेमागे सूज आली. दुखणं जवळपास नाहीच, म्हणून दोन महिने दाढच समजून अँटिबायोटिक घेतली. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) ट्यूबलाइटसमोर धरला तेव्हा दाढेपासून वर कानाच्या दिशेने गेलेला काळा डाग आम्हालाही दिसला. मग सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) आणि बायोप्सी बेळगावात झाली. रिपोर्ट: ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट, म्हणजे जबड्याच्या हाडात वाढणारी पिशवीसारखी गाठ. कॅन्सर नाही, पण परत उगवते म्हणे. ओठ बधिर नाही; सिस्ट मात्र ओठाच्या नसेला टेकलीय. भावाच्या अंगावर आणखी कुठे किंवा घरात कुणाला असं काही नाही (डॉक्टरांनी आवर्जून विचारलं होतं).

एक सर्जन म्हणतात, आधी छोटं भोक पाडून नळी ठेवू, सहा-आठ महिने रोज सिरिंजने धुवायचं, सिस्ट आटली की काढू. दुसरे म्हणतात, आत्ताच काढून हाड घासून घेऊ. जबडा कापायला दोघांचाही नकार, तेवढंच बरं.

अडचण अशी की भाऊ निपाणीत कामाला आहे, एकटा राहतो. धुणं चुकलं तर?

ज्यांनी नळी ठेवली होती त्यांनी सांगा: काम सांभाळून जमलं का, नळी निसटायची का, आणि नंतर किती वर्षं एक्स-रे काढत राहावं लागलं? शिवाय, सीमाभागातल्या 865 गावांसाठीच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत हे ऑपरेशन कुणाचं प्रत्यक्ष बसलंय का?